टोकन एक्केचाळीस

“टोकन एक्केचाळीस! एक्केचाळीस कोण आहे?”

मी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मागच्या रांगेतले गुरुजी उठले. उठले म्हणजे काय, तर आधी खिशातून चष्म्याची डबी काढली, चष्मा डोळ्यांवर चढवला, डबी टक्कन बंद करून परत खिशात ठेवली, आणि मग पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. हातात दोन पानं होती, घडीवर घडी घातलेली. सभागृहात जेमतेम तीस माणसं उरली होती. साडेपाच वाजून गेले होते आणि सहाला हॉल सोडायचा होता, कारण संध्याकाळी तिथं कुणाचं तरी रिसेप्शन होतं. झेंडूच्या टोपल्या दारात येऊन पडल्या होत्या आणि डेकोरेशनवाला दर पाच मिनिटांनी आत डोकावून आमच्याकडे बघत होता.

सकाळी अकरा वाजता याच गुरुजींचं टोकन बारा नंबरचं होतं. बाराचं एक्केचाळीस कसं झालं ते सांगते. त्यात माझाही हात आहे.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मेट्रोची पहिली मार्गिका तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि दुसऱ्या टप्प्याचे नकाशे निघाले होते. रूळ कुठून न्यायचे, स्थानकं कुठं करायची यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला जनसुनावणी ठेवलेली. मी नियोजन विभागात होते आणि माझं काम होतं इतिवृत्त लिहिणं. इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं ते असं लिहून ठेवायचं की नंतर कुणाला भांडायला जागा राहू नये. या कामात माझं नाव होतं. वीस मिनिटांचं भाषण मी दीड ओळीत बसवत असे. आमचे प्रमुख आष्टनकर साहेब, जे त्या सुनावणीचे अध्यक्षही होते, ते म्हणायचे, “देवतळे मॅडमचं इतिवृत्त म्हणजे आटवलेलं दूध. पाण्याचा थेंब सापडणार नाही.” मला ते ऐकायला फार आवडायचं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि दुधातलं काय काय आटून जातं याचा विचार केला नव्हता.

त्या दिवशीचा मुख्य वाद हातमाग कॉलनीचा होता. ही शहराच्या पूर्वेची जुनी विणकरांची वस्ती. मूळ नकाशात मार्गिका या कॉलनीच्या पोटातून जात होती आणि बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मैदानावर स्थानक होतं. सुधारित नकाशात मात्र तिथलं वळण काढून टाकलं आणि मार्गिका सरळ रिंगरोडवरून नवनगरकडे नेली. स्थानकही रिंगरोडच्या पलीकडे गेलं. यानं गाडीची अडीच मिनिटं वाचणार होती. आष्टनकर साहेबांचं त्या अडीच मिनिटांवर पोटच्या लेकरासारखं प्रेम होतं. सुनावणीचा प्रश्न एवढाच होता, की या बदलाला कुणाची हरकत आहे की नाही. माझ्या तक्त्यातही शेवटचा रकाना तोच होता: ‘बदलास हरकत: आहे / नाही’.

आता टोकनचं. बारा नंबर पुकारला तेव्हा गुरुजी उठले, पण त्यांच्या शेजारी तान्हं लेकरू घेतलेली एक बाई होती, तिचं टोकन सव्वीस. लेकरानं आभाळ डोक्यावर घेतलेलं. ती काही बोलायच्या आत यांनीच स्वतःचं टोकन तिच्या हातात ठेवलं. ती संकोचून म्हणाली, “तुमचा नंबर जाईल ना काका.”

“हरकत नाही, हरकत नाही,” गुरुजी म्हणाले.

ठीक. सव्वीस नंबर दुपारी आला. तेव्हा नवनगर रहिवासी संघाच्या वकीलबाई प्रोजेक्टर जोडून तयार बसल्या होत्या. त्यांचा नंबर एक्केचाळीस. साहेबांनी मला खूण केली. मीच उठून गुरुजींकडे गेले आणि गोड आवाजात म्हणाले, “गुरुजी, मशीन लागलेलं आहे तोवर त्यांचं उरकून घेऊ का? तुमचं नंतर निवांत घेऊ.”

“हरकत नाही,” ते हसून म्हणाले.

वकीलबाई पन्नास मिनिटं बोलल्या. पडद्यावर नवनगरच्या उंच इमारती, हिरवी झाडं आणि झाडांखाली हसणारी चित्रातली माणसं. ती वस्ती अजून अर्धीही बांधून झाली नव्हती. जी माणसं अजून राहायलाच आली नव्हती त्यांच्या वतीनं पन्नास मिनिटं, आणि जे हातमाग कॉलनीत साठ वर्षं राहत होते त्यांच्या वाट्याला काय आलं ते पुढं येतंच आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावरच कागद नीट करत बसले होते. गुरुजी डबा घेऊन समोर आले.

“पोरी, तू जेवली नाही वाटते? हे घे. आलू-वांगं आहे. माह्या पोरीनं केलं.”

मी नको म्हटलं, पण त्यांनी पोळीवर भाजी घालून माझ्यासमोर सरकवलीसुद्धा. तुळशीराम मौंदेकर, महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट. पस्तीस वर्षं मराठी आणि गणित शिकवलेलं. बोलता बोलता पोरीचं निघालं. सुशीला. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मोठ्या वाचनालयात तिला नोकरी लागली होती.

“तिले आवडते तिथं,” ते म्हणाले. “हजारो पुस्तकं. कोनतं कुठं आहे, डोळे मिटून सांगते. बसमधी तिले चढता येत नाई, म्हणून मीच स्कूटरवर नेतो, आनतो. सकाळ-संध्याकाळ मिळून चार खेपा.”

“म्हणजे रोज एवढं अंतर?”

“आता हात कापते थोडा.” त्यांनी उजवा हात पुढं धरून दाखवला, एखादी गंमत दाखवावी तसा. “पन अजून पाच-सहा वर्सं काढतो कसाबसा. तोवर मेट्रो येते. गिरणीच्या मैदानावर टेसन झालं, तर घरापासून दीडशे पावलं आहेत. मी मोजून ठेवलीत. तिची तिची जाईन ते. लिफ्ट राह्यते म्हणे?”

“असते,” मी म्हटलं.

“आन रिंगरोडच्या पलीकडं गेलं, तं मंग सहा पदरी रस्ता ओलांडाचा. तिच्यानं ते होत नाई. माह्यानं तरी कुठं होते!” ते हसले. मग कागद खिशातून काढून मला दाखवला. अक्षर इतकं सुरेख, की छापलेलं वाटावं. “हे वाचतो आज. रात्री तिनं माह्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आली असती ते स्वतः, पन सुट्टी नाई भेटली.”

“गुरुजी, वाचायचं कशाला? माझ्याकडेच द्या ना लेखी.”

“वाचून दाखवतो, मंग देतो. कागद कोनी वाचत नाई, पोरी. मास्तर होतो, मले माहीत आहे.”

मी हसले आणि त्यांची पोळी-भाजी खाल्ली. चांगली झाली होती.

दुपारनंतर हातमाग कॉलनीतले दोघं बोलले. एक हॉटेलवाले, एक सायकल दुकानवाले. दोघांचं म्हणणं एकच, की कॉलनीत मेट्रोचं खोदकाम झालं तर तीन वर्षं धंदा बसेल, त्यापेक्षा ती रिंगरोडवरून जाते तेच बरं. त्यांचंही चूक नव्हतं. साहेबांनी समाधानानं मान हलवली. मी रकान्यात दोनदा ‘नाही’ लिहिलं.

आणि मग साडेपाच वाजता, झेंडूच्या टोपल्या दारात असताना, टोकन एक्केचाळीस.

गुरुजी रांगेतून वाट काढत माइकपाशी पोचेपर्यंत डेकोरेशनवाला थेट आत आला आणि स्टेजला टेप लावून मापं घ्यायला लागला. गुरुजींनी कागद उलगडला, घसा साफ केला. “सन्माननीय अध्यक्ष आणि समितीचे...”

“गुरुजी,” साहेबांनी हात जोडले. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त सकाळपासून बसून बसून त्यांची पाठ धरली होती. “माफ करा हं. हॉलवाले घाई करतायत. तुमच्या कॉलनीतले दोघं बोललेच आहेत. तुम्ही असं करा, लेखी द्या ना आठ दिवसांत ऑफिसला. त्याला तेवढंच वजन असतं. चालेल ना?”

गुरुजी माइकसमोर उभे होते. कागद उलगडलेला, चष्मा डोळ्यांवर. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, एकदा त्या टेपवाल्याकडे. आणि माइकमधून, सगळ्यांना स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले,

“हरकत नाही.”

मी लिहिलं: ‘४१. श्री. तु. मौंदेकर, हातमाग कॉलनी. हरकत नाही.’

आपल्या भाषेत हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात येतो. कुणी पायावर पाय दिला, हरकत नाही. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. त्याचा अर्थ ‘मला चालतं’ असा नसतोच कधी. ‘तुला वाईट वाटू नये’ एवढाच असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मराठी माझी मायबोली आहे. पण माझ्यासमोर रकाना होता, रकान्यात दोनच शब्द मावत होते, आणि गुरुजींनी नेमके तेच दोन उच्चारले होते. मनात म्हटलं, घरी जाऊन नीट लिहू.

जाताना ते टेबलापाशी थांबले. कागद पुढं केला. “हे तूच ठेवतं का?”

मी खोके भरत होते. “माझ्याकडे नको गुरुजी, हरवेल. ऑफिसला आवक-जावक टेबल आहे तिथं द्या. शिक्का मारून पोच देतील. पोच घ्या बरं का, विसरू नका.”

“हरकत नाही,” ते म्हणाले आणि कागदाची परत घडीवर घडी घातली.

घरी जाऊन मी नीट लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्ता मागितला गेला, मी होता तसा दिला. त्याच्या प्रती सगळ्या टेबलांवर गेल्या.

दहाव्या दिवशी अहवालाचा मसुदा घेऊन आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. साहेब खुशीत होते. “मॅडमचं इतिवृत्त बघा,” ते बाकीच्यांना म्हणाले, “एक्केचाळीस माणसं, सहा पानं! याला म्हणतात काम.” मग पान उलटलं. “आणि हातमागचं तर साफच झालं. तिघं बोलले, तिघांचीही हरकत नाही. लेखी अर्ज एकही नाही. लिहा, ‘स्थानिक रहिवाशांची बदलास हरकत नाही’.”

मी एक्केचाळिसाव्या ओळीकडे पाहिलं. माझंच अक्षर, टाइप होऊन आलेलं.

“सर, ते एक्केचाळीस...”

“काय?”

“त्यांचं म्हणजे... ते बोललेच नाहीत खरं तर.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “पण ‘हरकत नाही’ असं म्हणाले ना?”

“म्हणाले.”

“तुम्ही ऐकलंत, तुम्हीच लिहिलंत. मग? काही चुकलंय का त्यात?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एका मिनिटापूर्वी सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं होतं. सांगायला तीन वाक्यं पुरली असती. त्यांना हरकत होती सर, ती ऐकायला आपल्याकडे वेळ नव्हता, आणि मी आळस केला. बस. पण तेवढ्या वाक्यांनी माझं आटवलेलं दूध नासलं असतं. वर मनाला एक पळवाटही सापडली होती. गुरुजींनी आठ दिवसांत अर्ज दिलाच नाही ना? इतकं जिवावरचं असतं, तर दिला नसता का? म्हणजे त्यांनाच फारसं नसेल.

“नाही सर,” मी म्हटलं. “चुकलं नाही.”

तो बदल मंजूर झाला. एका माणसानं काही पारडं फिरलं असतं का? कदाचित नसतंही. अडीच मिनिटांचा जोर मोठा होता. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं, आणि दर वेळी लक्षात आलं, की ज्याला खात्री असते त्याला असं पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही.

मार्गिका सुरू व्हायला आठ वर्षं लागली. उद्घाटनाच्या गाडीत मी होते. रिंगरोडवरून गाडी सुळकन गेली आणि डावीकडे खाली हातमाग कॉलनीचे पत्रे दिसले. गिरणीचं मैदान मोकळं पडलेलं. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते, पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी घड्याळ दाखवून म्हटलं, “बघा, अडीच मिनिटं!” मी म्हटलं, “हो सर.”

आणखी तीन वर्षांनी, म्हणजे गेल्या मार्चमध्ये, रिंगरोडच्या स्थानकाला जोडून छोट्या बसगाड्या सुरू करायचं निघालं. त्यासाठी आसपासच्या वस्त्यांत घरोघर विचारपूस करायची होती. हे काम आता माझ्या हाताखालची मंडळी करतात. पण हातमाग कॉलनीची यादी आली, तिच्यातलं एक नाव वाचलं, आणि ते घर मी माझ्याकडे ठेवलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. तरी गेले.

रविवारची दुपार. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याचं छप्पर घातलेला ओटा. कोपऱ्यात स्कूटर, वर जुनी चादर, चादरीवर धूळ. गुरुजी आरामखुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. मी नमस्कार केला तर त्यांचे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला वळले, पण माझ्यावर थांबले नाहीत.

“काचबिंदू,” आतून येत सुशीला म्हणाली. बुटाची लोखंडी पट्टी फरशीवर वाजत होती. बेचाळीस-त्रेचाळीसची, पाठ ताठ, नजर धारदार. “उजव्या डोळ्यानं नाहीच दिसत. डाव्यानं उजेड-अंधार कळतो. तुम्ही बसगाडीच्या सर्वेवाल्या ना?”

“हो. म्हणजे... आम्ही आधी भेटलोय. अकरा वर्षांपूर्वी. सुनावणीत. मी लिहून घ्यायला होते.”

गुरुजींचा चेहरा उजळला. “ते पोरगी! आलू-वांगं खाल्लं होतं तू.”

“हो गुरुजी.” मी फॉर्म काढला. “सुशीलाताई, तुम्ही अजून वाचनालयात...”

“पाच वर्षांपूर्वी सोडलं,” ती म्हणाली. “बाबांना दिसेनासं झालं, स्कूटर बंद झाली. रिक्षा रोजची परवडेना. काही दिवस रिंगरोड ओलांडून बस गाठायचा प्रयत्न केला. एकदा मधोमध अडकले, दोन्हीकडून ट्रक. पोलिसानं हात धरून परत आणून सोडलं. तेव्हापासून घरीच असते. मुलांच्या शिकवण्या घेते. लिहा तुमच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ते.”

मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, “गुरुजी, मी एक सांगायला आले. त्या दिवशी तुमचं ‘हरकत नाही’ मी चुकीच्या रकान्यात लिहिलं. तुम्ही थांबायला हरकत नाही म्हणालात, मी बदलाला हरकत नाही असं लिहिलं. नंतर लक्षात आलं तरी गप्प बसले. मला वाटलं, तुम्ही लेखी दिलं नाही, म्हणजे तुम्हालाच...”

“दिलं नाही?” सुशीला एकदम म्हणाली. “तिसऱ्या दिवशी गेले होते बाबा. मला वाचनालयात सोडून तसेच तुमच्या ऑफिसला. आवक-जावकच्या माणसानं यादी काढली, नाव शोधलं, आणि काय म्हणाला माहीत आहे? ‘काका, तुमच्या नावापुढं तर हरकत नाही असं लिहिलंय. ज्यांची हरकत आहे त्यांचेच अर्ज घ्यायचे आहेत. तुमचा कसा घेऊ?’”

मी गुरुजींकडे पाहिलं.

“मग बाबा काय म्हणाले असतील?” सुशीलानं विचारलं. “तुम्हीच सांगा. पाच मिनिटं भेटलात तरी तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं.

“माहीच चूक,” गुरुजी हळूच म्हणाले. “तो पोरगा नवा होता. घाबरला होता बिचारा. त्याले कशाले अडचणीत टाका म्हटलं.”

“भीड भिकेची बहीण,” सुशीला म्हणाली. “जन्मभर सांगत आले त्यांना.”

समोरच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता. कॉलनीत आता तेवढा एकच माग उरला होता, असं नंतर कळलं.

मी म्हटलं, “गुरुजी, मला माफ करा.”

आणि थांबले. खरं सांगते, मी कशासाठी आले होते ते मला त्या क्षणी कळलं. बसगाडीसाठी नव्हते आले, कबुली द्यायलाही नव्हते. त्यांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकायला आले होते. तान्ह्या लेकराच्या आईला मिळाले, वकीलबाईंना मिळाले, साहेबांना मिळाले, आवक-जावकच्या पोराला मिळाले. तसे मलाही मिळतील, मग मी चहा घेऊन हलक्या मनानं घरी जाईन, अशी माझी खात्रीच होती.

गुरुजींचे ओठ हललेसुद्धा. “हरकत...” ते म्हणाले.

मग थांबले. डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला होते.

“हरकत आहे,” ते म्हणाले. “लिहून घे, पोरी.”

सुशीला बापाकडे बघतच राहिली. मी फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूवर लिहिलं. ‘४१. श्री. तुळशीराम मौंदेकर, हातमाग कॉलनी. हरकत आहे.’ नाव या वेळी पूर्ण लिहिलं.

“लिहिलं?”

“लिहिलं गुरुजी.”

“सुशे, ते कागद आन.”

तिला विचारावं लागलं नाही कोणता. ती आत गेली आणि दोन पानं घेऊन आली, घडीवर घडी घातलेली, घड्यांच्या जागी चिकटपट्टी लावलेली. गुरुजींनी खिशातून डबी काढली, चष्मा चढवला, डबी बंद केली. त्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नव्हतं. आरामखुर्चीच्या दांड्याला धरून ते उभे राहिले. कागद समोर धरला.

“सन्माननीय अध्यक्ष आणि समितीचे सदस्य. गिरणीच्या मैदानावरचं स्थानक काढू नये अशी विनंती आहे. त्या स्थानकाशिवाय ज्यांचं अडेल अशा लोकांची घरोघर फिरून मी यादी केली आहे. ती वाचतो.”

मी वर पाहिलं. अकरा वर्षं मी समजत होते, की त्या कागदात सुशीलाबद्दल असेल.

“एक. गोदावरी पराते, वय एकाहत्तर. गुडघे. दर मंगळवारी मोठा दवाखाना. दोन. दामोदर हेडाऊ, वय चौपन्न. एक डोळा नाही. रस्ता ओलांडता येत नाही. तीन. नलू निमजे, वय चोवीस. नर्सिंगचा कोर्स. एक लेकरू कडेवर...”

“गोदाकाकू गेल्या बाबा,” सुशीला हळूच म्हणाली. “हेडाऊ काकापन.”

“कागदावर आहेत,” गुरुजी म्हणाले. “चार. पांडुरंग सोरते...”

ते वाचत नव्हते, पाठ म्हणत होते. दर नावानंतर थांबत होते, शुद्धलेखन घालताना मास्तर थांबतात तसे, मागचं पोरगं मागं पडू नये म्हणून. मी वय लिहिलं, दुखणं लिहिलं, कुणाला कुठं जायचं होतं ते लिहिलं. काही आटवलं नाही. एक फॉर्म संपला, दुसरा घेतला. सव्विसाव्या नावाला सुशीला उठून आत गेली. बुटाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि थांबला.

“सत्तावीस,” गुरुजी म्हणाले. “सुशीला तुळशीराम मौंदेकर. वय बत्तीस. वाचनालय.”

मी लिहिलं.

“किती झाले?”

“सत्तावीस, गुरुजी.”

“बरोबर,” ते म्हणाले. मग चष्मा काढून डबीत ठेवला आणि चाचपत खुर्चीत बसले.